मावशीच्या फरशीखाली

लोकांनी तिला बाबागाडीवाली म्हणायला सुरुवात केली त्यात लोकांचा काही दोष नव्हता. यंत्रच तसं होतं. चार चाकं, ढकलायला दांडी, आणि मधोमध बाळ निजवावं तशी एक पिवळी पेटी. उन्हातान्हात ती ते यंत्र घेऊन रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत संथपणे जायची, वळायची, परत यायची. एखादी बाई कौतुकानं वाकून बघायची आणि आत बाळ नाही म्हटल्यावर ओशाळून निघून जायची.

पेटी जमिनीत रेडिओच्या लहरी सोडते. खाली काही वेगळं लागलं की त्या उलट फिरतात आणि दांडीवरच्या पडद्यावर त्यांचं चित्र उमटतं. पाण्याचा नळ असेल तर उंचावलेल्या भुवईसारखी कमान दिसते. बाबागाडीवालीनं उभी हयात या भुवया वाचण्यात घालवली. खोदणारे येण्याआधी ती सांगायची, इथे नळ आहे, इथे विजेची तार आहे, आणि तिचा जोडीदार डांबरावर निळ्या-लाल रेघा ओढायचा. त्याला सगळे रंगवाला म्हणत. तो अखंड बडबड करायचा आणि ती कामापुरतं बोलायची, म्हणून दोघांचं छान जमायचं. पडद्यावर नाही ते ती कधी सांगत नसे, मग मुकादमानं कितीही डोळे वटारले तरी. हिला लग्नाला बोलावू नका, नवरी कशी दिसते ते खरं सांगून टाकेल, असं रंगवाला म्हणायचा.

तिला वाढवलं ते मावशीनं आणि मावशीच्या नवऱ्यानं, म्हणजे काकांनी. काका गटारखात्यात होते. एका दुपारी रस्त्यावरचं झाकण उघडून ते खाली उतरले. शहराच्या वरच्या अंगाला धो धो पाऊस झालाय हे इकडे कुणाच्या गावीही नव्हतं. खालून पाण्याचा लोंढा आला आणि काका वर आले नाहीत. पुढे कितीतरी दिवस शोध चालला. हाती एक बूट लागला, आणि तोही त्यांचाच की दुसऱ्या कुणाचा यावर खात्यात दोन मतं होती. मावशीनं त्यांचा दोरीवरचा टॉवेल कधी आवरून ठेवला नाही. धुवायची आणि परत तिथेच टाकायची.

आणि आता, इतक्या वर्षांनी, मावशीला पलंगाखालून आवाज येऊ लागला होता. दुपारी सगळं निवांत झालं की कुणीतरी खालून फरशीवर हात फिरवतंय असा. कधी थांबायचा, कधी एकदम जवळ यायचा. शेजारीण म्हणाली, घूस असेल. डॉक्टर म्हणाले, वय झालं. मावशी दोघांनाही हो म्हणाली आणि घरी येऊन फरशीला कान लावून बसली. ती त्या आवाजाशी बोलायला लागली आहे, हे भाचीला शेजारणीकडूनच कळलं. मावशी भाजी काय केली ते सांगते म्हणे, आणि मग थांबते, समोरच्याला बोलू द्यावं तशी. हे ऐकून बाबागाडीवालीच्या अंगावर काटा आला. मावशी भ्रमिष्ट झाली असेल ही भीती तर होतीच. पण मावशीचं खरं असलं तर, ही दुसरी भीती तिला त्याहून वाईट वाटली, आणि ती तिनं कुणालाच बोलून दाखवली नाही.

त्याच आठवड्यात त्यांचं काम नेमकं मावशीच्या गल्लीत आलं. जेवणाच्या सुट्टीत तिनं यंत्र उंबऱ्यावरून आत घेतलं. मावशीनं पाहुण्याला जागा करावी तशा खुर्च्या भिंतीला लावल्या, पदर नीट केला आणि पलंग एका बाजूला ओढू दिला.

आता यातली एक गोम सांगायला हवी. भर उन्हात पडदा धड दिसत नाही, म्हणून रस्त्यावरची माणसं चित्राचे रंग उलटे करून ठेवतात. काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं. नजर त्याला सरावते. मावशीच्या खोलीत उजेड बेताचा. उलटं चित्र डोळ्यांना खुपायला लागलं, म्हणून तिनं ते सरळ केलं, आणि नजर सरळ करायची राहून गेली.

पलंगाच्या जागी चाकं आली तशा पडद्यावर एकीखाली एक आडव्या रेघा उठल्या. लोखंडी पत्रा असला तरी अशा उठतात आणि पोकळी असली तरी अशाच. फरक एवढाच की आधी कुठली रेघ येते, काळी की पांढरी. तिनं पाहिलं आणि तिचा जीव भांड्यात पडला. पत्रा होता. जुन्या घरांत फरशीखाली असे पत्रे टाकलेले असतातच, तापले की वाजतात.

"दिसले का?" मावशीनं हळूच विचारलं.

"मावशी, खाली नुसतं लोखंड आहे. कुणी नाही. तू स्वस्थ झोप."

मावशीनं पलंग परत जागेवर लावून घेतला आणि दाराशी येऊन भाचीच्या पाठीवरून हात फिरवला, जणू धीर द्यायची गरज तिलाच होती.

बाहेर रंगवाला झाडाखाली डुलकी काढत होता. तिनं कामाला हात घालण्यापूर्वी उन्हासाठी रंग परत उलटे केले. पडद्यावर अजून मावशीची खोली होती. काळी होती ती रेघ पांढरी झाली, पांढरी होती ती काळी झाली, आणि पत्रा म्हणून वाचलेली ती पोकळी निघाली. तिनं रंग सरळ केले, पुन्हा उलटे केले. मावशीच्या पलंगाखाली माती नव्हतीच. फुटकं गटार ती कधीपासून वाहून नेत होतं, आणि वर उरली होती ती फरशी आणि तिला धरून राहिलेला मातीचा हातभर थर.

ती धावत सुटली आणि उंबऱ्यावर जागच्या जागी थबकली. आत धावत गेलं तर तिच्या वजनानं फरशीच खचली असती. मावशी पलंगावर आडवी झाली होती, एक हात खाली सोडून, बोटं फरशीला टेकवून. आणि आवाज येत होता. बाबागाडीवालीनं तो पहिल्यांदाच ऐकला. खरंच कुणीतरी हात फिरवत होतं.

"मावशी, ऊठ. भिंतीच्या कडेनं चालत बाहेर ये. हळू."

मावशीनं मानसुद्धा वळवली नाही. "तूच म्हणालीस ना लोखंड आहे म्हणून? पडू दे मला. आज किती वेळ आहेत बघ."

तिनं चुकले म्हणून सांगितलं, खाली पोकळी आहे म्हणून सांगितलं, हात जोडले. मावशी हसली आणि म्हणाली, पोकळीच असणार, नाहीतर ते राहतील कुठे? पलंगाच्या एका पायाजवळची फरशी किंचित कलली होती. बाबागाडीवालीला ते दिसत होतं आणि तिला पुढे जाता येत नव्हतं.

मग ती बोलली. आवाज आपला वाटत नव्हता.

"मावशी, मला काका दिसले. मघाशी सांगायला धजले नाही. ते म्हणाले, तिला बाहेर आण."

मावशी उठून बसली. जन्मात कधी खोटं न बोललेल्या या पोरीकडे तिनं टक लावून पाहिलं. मग पाय खाली सोडले, भिंतीला हात लावला आणि नव्या नवरीसारखी एकेक पाऊल टाकत उंबऱ्यापर्यंत आली. भाचीनं तिला अक्षरशः ओढून गल्लीत घेतलं. पलंग गेला तेव्हा फारसा आवाजही झाला नाही. एक कोपरा बुडाला, मग गादी, मग उशी, आणि खोलीच्या मधोमध काळंभोर भगदाड उरलं.

रंगवाला ओरडत आला, शेजारीपाजारी जमले. त्यानं सगळ्यांना मागे सारलं आणि तोही गप्प झाला, जे त्याच्या बाबतीत क्वचित घडतं. त्या शांततेत भगदाडातून आवाज आला. मध्ये आता फरशी नव्हती, म्हणून तो स्वच्छ ऐकू येत होता. कडेच्या मातीला घासत, थांबत, परत घासत खाली पाणी वाहत होतं.

मावशी बराच वेळ ऐकत राहिली.

"हे तर पाणी आहे," ती म्हणाली.

मावशीनं भाचीचं मनगट धरलं आणि तिच्या तोंडाकडे पाहत विचारलं, "मग तुला कोण दिसलं?"