चारशे ‘हो’ आणि एक ‘नाही’

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. हातात चहा असताना हसू नका, ठसका लागतो, आणि माझ्या डोक्यावर आधीच एक पातक आहे. दुसरी अट अशी की प्रज्ञासमोर हा विषय काढायचा नाही. ती चिडत नाही हो! चिडली असती तर बरं झालं असतं.

प्रज्ञा म्हणजे आमची मुलगी. इंजिनिअर. पुण्याची चांगली नोकरी सोडून परत आली आणि चितेगावला, पैठण रोडवर, एक शेड भाड्यानं घेऊन तिनं कारखाना टाकला. बनवते काय? भिंतीतलं बटण! हसू नका म्हणालो ना. हे बटण बिनतारी आहे. तुम्ही गादीवर पडून मोबाईलला सांगायचं, बैठकीतला दिवा विझव, की तो विझतो. आमच्या घरात हे काम तीस वर्षं मी करतोय, पण माझं कुणी कौतुक केलं नाही.

आता या बटणांचं एक दुखणं असतं. एका कंपनीचं बटण दुसऱ्या कंपनीच्या यंत्राशी बोलत नाही. म्हणून सगळ्यांनी मिळून एक सामायिक नियमावली केली आहे. आपलं बटण तिच्याप्रमाणं बोलतं, असं प्रयोगशाळेनं तपासून सांगितलं की प्रमाणपत्र मिळतं. मग ते कुणाच्याही घरात चालतं. प्रमाणपत्र नसेल तर दारात कुणी उभं करत नाही.

आमच्या घरामागं, हर्सूलला, एक बिल्डर इमारती बांधत होता. त्यानं प्रज्ञाला शब्द दिला होता. “मॅडम, दसऱ्याला पहिल्या इमारतीच्या चाव्या द्यायच्यात. त्याच्या आत सर्टिफिकेट आणा, सगळ्या फ्लॅटमदी तुमचीच बटणं.” पोरीची पहिली मोठी ऑर्डर! शेडवर सहा बाया जोडणीला बसतात, त्यांचं पुढचं वर्ष या ऑर्डरीवर होतं. प्रज्ञाचं तर सगळंच होतं.

आणि यात मी कुठून आलो? तेच सांगतो.

मी बत्तीस वर्षं एका सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर काढली. किती अर्ज या हाताखालून गेले असतील! त्यातून मी दोन गोष्टी शिकलो. एक, रकाना कोरा सोडायचा नाही. दोन, रकान्यात ‘नाही’ लिहायचं नाही. ‘नाही’ लिहिलं की साहेब विचारतो, का नाही? मग खुलासा द्या. खुलाशावर शेरा येतो, शेऱ्यावर पुन्हा खुलासा, आणि अर्जदार बिचारा वर्षभर जिन्यात उभा. ‘हो’ लिहा, फाईल पुढं सरकते. ‘हो’ला आजवर कुणी ‘का हो’ असं विचारलेलं नाही.

निवृत्त झाल्यावर मी शेडवर जाऊन बसायला लागलो. सकाळी पैठणची एसटी धरायची, चितेगावला उतरायचं. प्रज्ञानं मला एक टेबल दिलं. मी लगेच आवक रजिस्टर घातलं, जावक रजिस्टर घातलं. दिवसाला एखादं पत्र यायचं, ते बहुधा विजेचं बिल असायचं.

तर श्रावणात प्रयोगशाळेचा फॉर्म आला. कॉम्प्युटरवरचा. चारशे एक ओळी! प्रत्येक ओळीत एक गुण, आणि पुढं विचारलेलं: तुमच्या यंत्रात हा आहे का? हो किंवा नाही. जे ‘हो’ लिहाल ते प्रयोगशाळा तपासणार.

प्रज्ञाचं सॉफ्टवेअर बघणारा इम्रान म्हणून एक हुशार पोरगा आहे, शहरातल्या बुढी लेनकडचा. त्यानं कागदावर कच्ची यादी करून दिली. प्रज्ञा मला म्हणाली, “पप्पा, मी आन् इम्रान नमुन्यांच्या मागं लागलोय. यादी बघून तुम्ही फॉर्म भरा. तुमच्या हातून कधी चूक झाल्याली नाय.”

हे वाक्य लक्षात ठेवा.

मी चष्मा पुसला आणि यादी उघडली. त्या यादीत अकरा ‘हो’ होते, त्यातलेही दहा नुसते मोबाईलशी जोडणीचे. बाकी सगळं ‘नाही’! नाही, नाही, नाही, पानामागून पान नुसतं नाही. बापाच्या काळजाचा विचार करा. पोरगी नोकरी सोडून आली, रात्रंदिवस खपली, आणि तिच्या यंत्राची ही अब्रू? परक्या शहरातल्या साहेबाच्या टेबलावर असला अर्ज जाणार? इम्रानचं वय लहान, त्याला कचेऱ्यांचा अनुभव नाही, असं मी मनाशी म्हणालो. आणि मग, काय सांगू, मी त्या यादीत सुधारणा केली.

दोन दिवस लागले. पाठ धरली. रंग बदलतो का? हो. उजेड कमी-जास्त करतो का? हो. तापमान सांगतो का? हो. दाराचं कुलूप उघडतो का? ही ओळ दोनदा वाचली, पण म्हटलं, पोरगी हुशार आहे, तपासणीपर्यंत करेल काहीतरी. हो!

प्रज्ञानं सहीसाठी कागद घेतले. मी म्हणालो, “एकदा नजर टाक.”

“तुम्ही भरलंय ना पप्पा, मग बघायचं काय?”

आणि पोरीनं न वाचता सही केली. मी टेबलाशी बसून स्वतःवर खूश होतो.

पुढच्या आठवड्यात प्रयोगशाळेतून फोन. फॉर्मवर ‘तांत्रिक माहितीसाठी संपर्क’ असा रकाना होता आणि रकाना कोरा सोडायचा नाही हे तर तुम्हाला माहीतच आहे. तिथं मी माझाच नंबर दिला होता.

बंगळुरूचा तरुण माणूस, अतिशय सभ्य. “सर, आपका डिवाइस कलर बदलता है?”

“बदलता है ना! पांढरा है, क्रीम है. और कोई मंगताय तो बोलो.”

पलीकडं टाईप केल्याचा आवाज आला. “और टेम्परेचर, सर?”

“थोडा गरम होता है. पर हात को चटका नहीं बैठता.”

“कमरे में कोई है कि नहीं, ये समझता है?”

“साहब, कमरे में कोई नहीं होंगा तो बटण दबायेंगा कौन?”

पुन्हा टाईप केल्याचा आवाज. मला वाटलं, माणूस प्रभावित झाला. “ठीक है सर,” तो म्हणाला, “जैसा आपने डिक्लेअर किया है, वैसा टेस्ट करेंगे.” मी जावक रजिस्टरला नोंद केली: दूरध्वनीवरून समाधानकारक खुलासा दिला.

आणि दसऱ्याला तीन आठवडे उरले असताना अहवाल आला.

प्रज्ञा वाचत होती, इम्रान तिच्या खांद्यावरून बघत होता. मी पेढ्यांचा पुडा पिशवीत तयार ठेवला होता. नापास! पहिल्या पानावर नापास, दुसऱ्यावर नापास, मोबाईलशी जोडणीच्या दहा ओळी सोडल्या तर शेवटपर्यंत नापास. कुलूप उघडण्याची आज्ञा दिली, प्रतिसाद नाही. रंग निळा करण्यास सांगितले, प्रतिसाद नाही.

“कुलूप?” इम्रान ओरडला. “अरे हमारा बटन है यारो! कुलूप किधर से आया?”

प्रज्ञानं पानं उलटून पुन्हा पहिलं काढलं. “ह्यांनी दुसऱ्याच कुणाचं मशीन तपासलंय. नमुने बदलले त्यांनी!”

इथं मी गप्प बसायला पाहिजे होतं. बसलो का? छे! मला खरंच वाटलं की नमुने बदलले. फॉर्ममध्ये ‘कुलूप’ लिहिल्याचं आठवलं नाही का, असं विचाराल. आठवलं, पण माझ्या डोक्यात अर्ज वेगळा आणि यंत्र वेगळं! बत्तीस वर्षांत मी असा एकही अर्ज बघितला नाही जो घेऊन कुणी प्रत्यक्ष जागेवर पडताळायला गेलं.

“थांब,” मी म्हणालो. “कडक पत्र लिहितो.”

आणि लिहिलं! काय पत्र होतं ते! ‘सदरहू प्रयोगशाळेच्या अक्षम्य हलगर्जीपणामुळे...’ इथून सुरुवात. मध्ये दोनदा ‘खेदाची बाब’, एकदा ‘योग्य त्या कार्यवाहीस पात्र’. इम्राननं त्याचं इंग्रजी केलं, प्रज्ञानं सही केली. त्या आठवड्यात दोघांनी शेडवर प्रत्येक बटण उघडून पुन्हा तपासलं. सगळी धड होती. सहा बाया माझ्याकडं बघायच्या आणि मी त्यांना सांगायचो, “काळजी करू नका, असं पत्र टाकलंय की वरपर्यंत हलतील.”

तीन दिवसांनी उत्तर आलं. एका ओळीचं. ‘तुमचेच घोषणापत्र सोबत जोडले आहे.’ आणि खाली प्रज्ञाच्या सहीसकट आमचा फॉर्म.

इम्राननं वाचायला सुरुवात केली. पहिलं पान, दुसरं पान. मग त्यानं मान वर केली.

“अंकल,” तो हळूच म्हणाला, “ये क्या कर डाले तुम? मैं नक्को लिखा था, तुम सब में हौ कर दिये?”

मी समजावलं. अब्रूचं सांगितलं, खुलाशाचं सांगितलं, साहेबाच्या स्वभावाचं सांगितलं. बोलता बोलता माझं मलाच ऐकू यायला लागलं आणि आवाज खाली खाली गेला. प्रज्ञा ओळीवरून बोट फिरवत होती. मध्येच थांबली.

“पप्पा, सगळीकडं हो लिव्हलंय. मग इथं एकाच ठिकाणी ‘नाही’ का?”

आता ही माझी खास कला होती. सगळीकडं ‘हो’ दिसलं तर साहेबाला संशय येतो. म्हणून एखादा ‘नाही’ मुद्दाम ठेवायचा, म्हणजे अर्ज प्रामाणिक दिसतो. त्यासाठी सगळ्यात किरकोळ ओळ निवडायची, जिच्यावाचून काही अडत नाही. तसं मी तिला सांगितलं, आणि सांगताना मनात थोडा अभिमानही होता, खोटं कशाला बोलू?

“कोणती ओळ हाय ती?” इम्राननं आता मराठीत विचारलं.

प्रज्ञानं वाचली. “दिवा चालू आणि बंद करतो का? नाही.”

मंडळी, जोडणी सोडली तर आमचं बटण फक्त एक काम करतं. दिवा लावतं आणि विझवतं. तेवढंच मी लिहिलं नव्हतं. जे लिहिलं नाही ते तपासायचं नाही, हा त्यांचा नियम. म्हणजे प्रयोगशाळेनं त्या बिचाऱ्या बटणाला चारशे गोष्टी करायला लावल्या, आणि जिच्यासाठी ते बनलं तेवढीच विचारली नाही!

इम्रान बाहेर जाऊन उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. हसत होता की रडत होता, मी विचारलं नाही. बायांनी ते राहिलेले पेढे आता वाटायचे का म्हणून विचारलं, तेव्हा मी पुडा टेबलाखाली सरकवला.

प्रज्ञानं लॅपटॉप मिटला. मला वाटलं, आता बोलेल. बोल गं पोरी, एकदाचं बोल! ती म्हणाली, “पप्पा, डबा खाऊन घ्या. तीन वाजलेत.”

त्या दिवशी डबा तसाच भरलेला परत नेला. परतीच्या एसटीत मी खिडकीकडं तोंड करून बसलो. बत्तीस वर्षं ज्या हुशारीवर जगलो, तिनं माझ्याच पोरीचं वाटोळं केलं होतं. घरी आल्यावर बायकोनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, “मला बघायला आलात तवा नोकरी कायम हाय का, इचारलं व्हतं माझ्या बापानं. तवाबी व्हयच म्हणला व्हता.” नोकरी कायम व्हायला त्यानंतर चार वर्षं लागली होती, हे तिनं कधीच विसरू दिलेलं नाही.

फॉर्म इम्राननं पुन्हा भरला. अकरा हो, बाकी नाही. कसलाही खुलासा न मागता तो स्वीकारला गेला. पण प्रयोगशाळेतला पुढचा नंबर दिवाळीनंतरचा मिळाला. बिल्डरनं पहिल्या इमारतीत साधी बटणं बसवली. पुढच्या इमारतींचं बघू म्हणाला. ‘बघू’ म्हणजे काय, हे बत्तीस वर्षं मीच लोकांना सांगत आलोय. सहापैकी दोन बायांना प्रज्ञानं दिवाळीपर्यंत घरी थांबायला सांगितलं. ते सांगताना मी तिथंच, माझ्या टेबलाशी बसलो होतो.

दसऱ्याला बिल्डरनं चाव्या देण्याच्या कार्यक्रमाला बोलावलं. माझा जायचा विचार नव्हता. प्रज्ञा म्हणाली, “जाऊ या पप्पा, पुढच्या इमारती हायत अजून.” सकाळी विहारात जाऊन आलो होतो, तेच पांढरे कपडे अंगावर. आम्ही दोघं तिथं पोचलो.

नमुन्याच्या फ्लॅटमध्ये गल्लीतलेच एक म्हातारे गृहस्थ भेटले. जयभीम झाला. मोठ्या कौतुकानं भिंतीकडं बोट दाखवून म्हणाले, “तुमच्या पोरीनं बनवल्याली बटणं हीच ना?”

माझं तोंड उघडलं. ‘हो’ अगदी जिभेवर आलेलं. शेजारी प्रज्ञा उभी होती.

“नाही,” मी म्हणालो.

किती सोपं होतं हो! कुणी खुलासा मागितला नाही. म्हाताऱ्यांनी मान डोलावली आणि पुन्हा विचारलं, “मग ही काय काय करत्यात?”

मी बटण दाबलं. दिवा लागला. पुन्हा दाबलं. विझला.

“दिवा लावतात,” मी म्हणालो, “आणि बंद करतात.”

त्या दिवसानंतर प्रज्ञा त्या विषयावर पहिल्यांदाच बोलली. माझ्या सदऱ्याची बाही धरून, अगदी हळू.

“येवढं तरी लिहायचं होतं ना, पप्पा.”