गावजेवणाचं तपेलं

देवळामागच्या चुलीवर तांब्याचं मोठं तपेलं चढवलेलं होतं. मी वाकून आत पाहिलं. आटलेल्या विहिरीत पाणी दिसावं, तसा तळाशी थोडासा भात रटरटत होता.

वाडीच्या वार्षिक गावजेवणासाठी हे तपेलं कधीकाळी सगळ्या घरांनी मिळून घेतलेलं. कड्यांत बांबू घालून चौघे ते उचलायचे. माझ्या लहानपणी भात काठाशी यायचा, आणि तरी शेवटच्या पंगतीला पुरेल की नाही ही धास्ती असायची. मग एकेका घराला कुलूप लागत गेलं. कुणी मुंबईला गेलं, कुणी लेकाकडे. वरच्या आळीची पायवाट गवतात बुडाली. दर वर्षी तपेल्यातला भात थोडा खाली गेला, एवढाच काय तो आमच्या वाडीचा इतिहास.

यंदा पाच घरची माणसं पंगतीला होती. भात अर्थातच खाली लागला.

"काकी, एवढ्याला लहान टोप पुरला असता की," वाढायला आलेल्या शेजारच्या काकींना मी म्हटलं.

"आणि कुणी आलं तर?"

बोलता बोलता त्यांची नजर वाटेकडे गेली. त्याच वाटेने मीही कधीचा निघून गेलो होतो. करपलेल्या भाताचा तो वास मला एकदम आपला वाटला.

"पुढच्या वर्षी येशील ना रे?" काकींनी विचारलं.

मी पत्रावळ पुढे सरकवली.

"वाढा अजून थोडा."