कलकत्ता ते मुंबई, दहा सेंटिमीटर

विमानात बसणं सोडाच, विमान जवळून पाहण्याचीही वेळ माझ्यावर आली नव्हती. तरी विट्याजवळच्या आमच्या गावात विमानातला जाणकार मीच. हायस्कुलात भूगोल शिकवायचो ना! सत्तरच्या दशकात तेवढ्यावर माणूस शहाणा ठरायचा, आणि मी तर गावाने ठरवायच्या आधीच ठरलो होतो.

थोरला भाऊ कलकत्त्याला. आमच्याकडच्या पुष्कळांसारखं त्याचं सोनं गाळायचं दुकान. आबा, म्हणजे आमचे वडील, अंथरुणाला खिळले तेव्हा मी पोस्टातून त्याला ट्रंक कॉल लावला. सकाळी नोंदवलेला, लागला दुपारी.

"आजच गाडी धरू का?" दादाने विचारलं. "भट्टी चालू हाय, लोकांचं सोनं हाय. पन तू म्हनशील तसं."

आदल्याच दिवशी शाळेच्या नकाशावर पट्टी ठेवून मी कलकत्ता ते मुंबई मोजलं होतं. दहा सेंटिमीटर. प्रमाणाने गुणलं, विमानाच्या वेगाने भागलं.

"दादा, आगगाडीला दोन दिवस लागतात म्हणून माणसं पळत सुटतात," मी वर्गात बोलावं तसा बोललो. "विमानाने अडीच तासांत मुंबई. डॉक्टरांनी बोलवा म्हटलं की मी लगेच तार करतो. तू भट्टी उरकून घे."

"नक्की ना रं?"

"भूगोल आहे, दादा."

मुंबई ते आमचं गाव नकाशावर अंगठ्याच्या नखाएवढं भरत होतं. म्हणून ते मी मोजलंच नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर म्हणाले, बोलावून घ्या. तार केली आणि आबांना ऐटीत सांगितलं, दादा विमानाने येतोय.

"मंग पोचलाच म्हना की," आबा हसले.

फाट्यावर एसटी वाजली की ते डोळे उघडायचे. "आला का रं?"

"मुंबईत उतरला असेल, आबा."

पुढच्या एसटीला मी त्याला पुणं ओलांडून दिलं. त्याच्या पुढच्या गाडीला सातारा. तार त्याच्या हाती पडली संध्याकाळी, आणि दुसऱ्या दिवशीच्या विमानात जागा नव्हती. इकडे मी मनगटावरच्या घड्याळात विमान चालवत होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी आबांनी विचारायचं थांबवलं. मी उत्तर तयार ठेवून बसलो होतो.

अग्नी थोरल्याने द्यायचा. म्हणून सगळे खोळंबले. शेवटी चुलते जवळ आले.

"मास्तर, इमान कुठवर आलंया? ऊन लय हाय, बाबा."

दिवस कलायच्या आत अग्नी मी दिला.

दादा आला तो रक्षा सावडायच्या दिवशी. बॅगेला विमानाची चिठ्ठी तशीच लोंबत होती. राखेजवळ तो उकिडवा बसला.

"इमानाला अडीच तासच लागलं रं," तो मला म्हणाला. "बरोबर हुतं तुझं. फुडं एसटीतच दिवस गेला."

त्यात टोमणा असता, तर निदान तो तरी मी धरून बसलो असतो. नव्हता. चिमटीने तो अस्थी वेचायला लागला, आणि मी मडकं पुढे धरलं.

त्यानंतर तो कितीदा तरी गावी आला नि गेला. निघताना गाडीची वेळ मात्र स्टँडवरच्या कंट्रोलरला विचारायचा, मी शेजारी उभा असलो तरी.