गेरूचं दार

दिगू गेल्याचा फोन आला तेव्हा मी जबलपुरातल्याच गोरखपूर भागातल्या बाजारात पालक घेत होतो. फोनवर त्याचा मुलगा होता. "काका, बाबा नहीं रहे," तो म्हणाला. घरात मराठी असली तरी असं काही सांगायची वेळ आली की आमच्या जबलपूरच्या पोरांना हिंदीच सुचते. मी "अच्छा" म्हणालो. इथे आम्ही सगळ्यालाच अच्छा म्हणतो, तसंच तेही तोंडातून निघून गेलं. मग भाजीवाल्याला म्हटलं, "भैया, एक जुडी और दे दो." पिशवी घेऊन घरी आलो, बायकोला पालक निवडायला दिला, पाणी प्यायलो आणि मग तिला सांगितलं. ती रडली. मला रडू आलं नाही... अजूनही आलेलं नाही. भेटणारे विचारतात, मी बरा आहे म्हणतो, आणि खरोखरच बरा असतो. त्याचीच जरा भीती वाटते.

दिगंबर पाठक तोफांच्या फॅक्टरीतून निवृत्त झाला, मी रेल्वेतून. आमची मैत्री मात्र दत्ताच्या देवळातल्या गुरुवारच्या भजनातली. तो टाळ वाजवायचा आणि हमखास लय सोडून वाजवायचा. पेटीवाले वैतागून बघायला लागले की हा भक्तीनं डोळे मिटून घ्यायचा. ओडिशाच्या किनाऱ्यावर चक्रीवादळ येऊन गेलं त्या आठवड्यात आरती झाल्यावर हाच उठून म्हणाला, "आपण इथं टाळ कुटून राहिलो, अन् तिकडं लोकांच्या डोक्यावर छप्पर नाही. महाराज काय म्हणतील? चलो, जाऊ." मंडळातले निम्मे फॅक्टरीवाले, कोणी वेल्डर, कोणी फिटर. घरी बसून बायकांच्या कामात लुडबुड करण्यापलीकडे कोणालाच उद्योग नव्हता. गेलो. पुढे वादळ आलं की जातच राहिलो.

पहिलं घर बांधलं ते एका म्हाताऱ्या कोळिणीचं. गाव तिला माउसी म्हणे, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. नारळ फोडला, दत्ताची आरती केली आणि दार पूर्वेला ठेवलं. दार पूर्वेला असावं हे आमच्यात कोणी कोणाला सांगत नाही. दिगूनंच फीत धरली, त्यानंच रेघ मारली. भिंती उभ्या राहिल्या, पत्रे चढले, दाराला तोरण लागलं, आणि माउसी काही आत जाईना. बाहेरच्या मातीत बसून राहिली. आम्हाला वाटलं, हिचा काही मुहूर्त असेल. शेवटी ती मोडक्या हिंदीत म्हणाली, "बाबू, सुबह दरवाजा खोलूँगी, तो पहले उसीको देखूँ?" तिनं हात केला तिकडे समुद्र होता. त्या किनाऱ्यावर तो पूर्वेलाच असतो. तिचं सगळं घर त्यानंच नेलं होतं.

आमच्यातला एकजण कुजबुजला की आता झालं ते झालं, वास्तू मोडू नये. दिगू त्याच्यावर उखडला. "महाराज काय फक्त पूर्वेकडूनच येतात काय? म्हातारीला काहून नाही विचारलं आपण? मी तरी काहून नाही विचारलं?" त्यानं स्वतः छिन्नी घेतली. पश्चिमेची भिंत फोडली, पूर्वेचं दार बुजवलं, तोरण काढून इकडे बांधलं. माउसी उठली, आत गेली आणि आमच्यासाठी पाण्यातला भात घेऊन बाहेर आली. दिगू तो मिटक्या मारत खात होता. त्याला भात आवडत नसे.

तेव्हापासून त्याची ती रीतच झाली. नव्या जागी गेलो की गाडीतून अवजारं उतरायच्या आधी तो घरच्या बाईपुढे जाऊन उभा राही आणि विचारी, "दीदी, दरवाजा किधर चाहिए?" ती दाखवील तिथं गेरूनं खूण करी. गेरू घरचा, शालूवहिनी तुळशीच्या ओट्याला लावत त्याच डब्यातला. एखादी बाई विचार करायला वेळ घेई, शेजारणीला बोलावून आणी, पुन्हा मन बदले. आम्ही घड्याळं बघत असू. दिगू उन्हात उभा राही. बाईनं सांगितलं की मग तो "दत्त दत्त" म्हणून कामाला लागे.

आमची शेवटची भेट त्याच्या स्वयंपाकघरात झाली. मदन महालच्या टेकडीखालचं त्याचं घर. त्या स्वयंपाकघरातून मागच्या अंगणात जायला वाटच नाही. धुतलेले कपडे घेऊन वहिनींना सगळा दिवाणखाना ओलांडून, घराला वळसा घालून जावं लागतं. लग्न झाल्यापासून त्या हेच करत आल्या. किनाऱ्यावरून आम्ही नुकतेच परतलो होतो. चहा देता देता त्या म्हणाल्या, "साऱ्या दुनियेच्या बायांना विचारून राहिले हे. मला विचारलं कधी?"

दिगूनं कप खाली ठेवला. डबा आणला, भिंतीपाशी उभा राहिला. "बोला शालूबाई. दरवाजा किधर चाहिए?"

वहिनी लाजल्या. मग लाटण्यानं दाखवलं. त्यानं रेघा ओढल्या. त्या म्हणाल्या, "एवढुसा नको जी, कमरेवर बादली घेऊन जाता आलं पाहिजे." त्यानं एक रेघ पुसून आणखी पलीकडे ओढली. "चलो, रविवारी फोडू," म्हणाला. रविवार उजाडायच्या आधीच तो गेला. सकाळी बुटाची नाडी बांधायला वाकला, तो उठलाच नाही.

तेरावं झाल्यावरच्या गुरुवारी भजनानंतर सगळ्यांनी ठरवलं की दिगूभाऊचं राहिलेलं दार आपण करायचं. त्याला याहून चांगली श्रद्धांजली कोणती? रविवारी सकाळी आम्ही त्याच्या घरी हजर. छिन्नी, हातोडे, सिमेंट, सागवानी चौकट, पेढ्यांचा प्रसाद. वहिनींनी दार उघडलं, चहा ठेवला. कोणीतरी हळूच आरतीला सुरुवात केली. फिटर होता त्यानं रेघेवर छिन्नी टेकवली, हातोडा उचलला... आणि मला एकदम माउसी दिसली, मातीत बसलेली.

"थांब," मी म्हणालो. "आपण विचारलंच नाही."

आरती बंद पडली. दिगूसारखं विचारायला मला जमणार नव्हतं. तरी मी वहिनींपुढे जाऊन उभा राहिलो. "वहिनी, दार कुठे पाहिजे?"

त्यांनी बराच वेळ घेतला. कोणीही घड्याळ बघितलं नाही.

"दार झालं, तर ह्या रेघा जातील ना, भाऊजी?"

"जातील, वहिनी."

"मग नको."

आम्ही अवजारं गोळा केली. फिटरनं भिंतीजवळची सिमेंटची गोणी उचलून बाहेर नेली. चौकट तेवढी दिवाणखान्यात टेकून राहिली, कारण तिचं काय करायचं ते कोणालाच कळेना. चहा झाला, पेढे खाल्ले. स्वयंपाकघरापलीकडच्या न्हाणीत कपडे पिळून बादलीत ठेवले होते, वहिनी ती घेऊन निघाल्या. दिवाणखान्यातून, घराला वळसा घालून, नेहमीच्याच वाटेनं. आम्ही स्वयंपाकघरातच बसलो होतो, पाय आवरून घेतले. त्या भिंतीपाशी आल्यावर त्यांनी बादली एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतली, गेरूला ओलं लागू नये म्हणून.