दमयंतीने हाक मारली

कुरखेड्याकडचा मुखरू दंडारी, म्हणजे गावची गाण्यांची नाटकं, लिहायचा. गाव झोपून पाहायचं, कारण कथा कुठलीही असो, तिच्यात बैल यायचाच. सावित्रीच्या दंडारीत तर यमाच्या वाट्याला दोन वाक्यं आली आणि गाणी सगळी त्याच्या रेड्याला! म्हणून चौपन्न साली दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेआधी गुणवंतराव पाटलांनी ताकीद दिली, "मुखरू, यंदा नळ-दमयंती. बैलाचं शेपूट जरी दिसलं, तं पुढच्या साली दंडार दुसऱ्याले."

मुखरूने मान हलवली. एरवी भांडला असता. पण त्याचा चांद्या आठवड्यापासून रानात हरवला होता. एक बैल गोठ्यात, दुसरा बेपत्ता. गावोगाव खुणा सांगत फिरून चपला झिजल्या. घरी आला की दमयंती लिहायला बसायचा आणि एक ओळ उमटायची नाही.

"काऊन रडून राह्यले जी?" त्याच्या बायकोने, मनकर्णाने विचारलं.

"दमयंती रडत नाई ना, म्हणून."

"तिचा नवरा हरवला, तुमचा बैल. रडणं का वेगळं रायते?"

झालं! मुखरू लिहायला बसला तो जेवायलाही उठेना.

मंडईच्या दिवशी भर दुपारी, मिशी काढलेला वारलू दमयंतीचं लुगडं सावरत रानाला विचारू लागला,

"पाहिला का गा झाडाहो, माझा जिवाचा सांगाती?
कपाळावर चांद ज्याच्या, भरला खांदा, रुंद छाती;
डावा कान जरा फाटका, गूळ देता चाटे हाती."

बाया पदर डोळ्यांना लावून हुंदके देऊ लागल्या. दंडारीत झोपणारे म्हातारेसुद्धा जागे होते. पाटील मात्र 'फाटका कान' ऐकून सावध झाले. तेवढ्यात गर्दीतून डोंगरापलीकडचा लालसू उठला.

"ओ बाई, रडू नोको! तुहा नळ माह्यापाशी हाये. घरचा सुकला मोहा खाऊन राह्यला सारा. मंडईत सारी गावं जमतात, धनी भेटन म्हणून संगं आणला. थो पाहा, चिंचेखाली बांधला."

पुढच्याच प्रवेशात नळ होऊन यायचा होता तो मुखरूच. डोक्यावर पुठ्ठ्याचा मुकुट, अंगावर मनकर्णाची जरीची चोळी, तसाच तो चिंचेकडे पळाला. चांद्याने त्याला हुंगलं आणि रिकामा तळहात चाटला. मुखरू त्याच्या गळ्यात पडून असा रडला, की तसं रडणं वारलूला साऱ्या तालमींत जमलं नव्हतं.

मग कासरा धरून नळराजा थेट दंडारीच्या रिंगणात आला. लोकांनी टाळ्यांनी मंडई डोक्यावर घेतली.

"मुखऱ्या!" पाटील ओरडले, "बैल नोको म्हटलो होतो ना मी!"

"मी कुठी आणला, पाटील?" मुखरू मुकुट सावरत म्हणाला. "दमयंतीनं हाक मारली, थो आला."

पाटलांनी हसू दाबायला मिशीवर हात ठेवला. पुढच्या सालची सुपारी त्यांनी तिथंच त्याच्या हाती दिली. ती चांद्यानं चाटून पाहिली.