भाड्याचा फेटा

"फेटा काढ," आबाशेठ म्हणाला.

मी हात वर नेला, तर त्यानं काठीनं तो खाली पाडला. "हात नको लावू. बाटवलास तेवढा पुरे." मग त्यानंच फेट्याचं टोक चिमटीत धरलं आणि काठी माझ्या खांद्याला टेकवली. "फीर."

मी फिरलो. भोवऱ्याची दोरी सुटावी तसा फेटा सुटत गेला आणि मी मांडवाच्या मागं, खरकट्या भांड्यांच्या ढिगाशेजारी, गरगर फिरत राहिलो. आचारी बघत होते. भांडी घासणाऱ्या बाया बघत होत्या. माझ्यासारखेच पांढरे डगले आणि केशरी फेटे चढवलेले, माझ्यासारखेच एका दिवसाचे नोकर बघत होते. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. गावात मी नकला करायचो. हसणाऱ्या माणसांचं काय करायचं ते मला ठाऊक होतं. गप्प बघणाऱ्यांचं काय करायचं ते ठाऊक नव्हतं.

फेटा संपला. मी थांबलो, पण मांडव अजून फिरत होता.

तेव्हा मी चाळिशीला टेकलेला, दोन पोरींचा बाप.

आता हे घडलं कसं ते सांगतो. तुम्ही हसलात तरी चालेल. मी सांगताना अजूनही थोडा हसतोच.

आमचं गाव चाकणच्या अलीकडचं. गावकुसाबाहेर आमची घरं. पिंपरीला माळावर कारखाने उभे राहू लागले तेव्हा मी बायको-पोरींना घेऊन तिथं आलो आणि रेल्वेच्या रुळांपलीकडं झोपडी घातली. वाटलं होतं, कारखाना म्हणजे काम. पण कारखान्याला आधी भिंती लागतात, मग यंत्रं लागतात, मग साहेब लागतात. माझ्यासारख्याची पाळी येईपर्यंत पोटाला काहीतरी हवं. म्हणून मी आबाशेठकडं जाऊ लागलो. आबाशेठ मांडववाला. त्याच्या दुकानावर पाटी होती: 'मांडव, खुर्च्या, भांडी व माणसे भाड्याने मिळतील.' माणसं शेवटी. कारण भांडं फुटलं तर शेठचं नुकसान व्हायचं.

त्या काळात पिंपरीला समारंभांचं पेव फुटलं होतं. आज पायाभरणी, उद्या उद्घाटन, परवा कोणी मोठे पाहुणे. दर वेळी पाणी द्यायला, हार पोचवायला, खुर्च्या मांडायला उंच, नीटस माणसं लागायची. मी उंच. फेटा मला शोभायचा. पहिल्याच दिवशी आबाशेठनं मला पढवलं होतं. "नाव विचारलं तर गणपत सांग. गाव विचारलं तर लांबचं सांग. आडनाव विचारलं तर ऐकू आलं नाही असं कर."

असा मी गणपत झालो. पांढऱ्या डगल्याला जात नसते. मी पाण्याचं तबक घेऊन मोठमोठ्या लोकांमध्ये फिरायचो आणि ते माझ्या हातचं पाणी घटाघटा प्यायचे. मला त्यात भारी मजा वाटायची. घरी येऊन बायकोला नकला करून दाखवायचो: अमका रावसाहेब पाणी कसा पितो, तमकी बाई ओठ न ओलावता कशी पिते. आम्ही पोट धरून हसायचो.

त्या दिवशी मोठ्या कारखान्याचं उद्घाटन होतं. जमिनी दिलेल्या, देऊ शकणाऱ्या आसपासच्या गावांचे पाटील बोलावले होते. दुसऱ्या रांगेत एकानं तबकातून पेला उचलला आणि माझ्याकडं न बघता तोंडाला लावला. पाणी देणाऱ्याच्या तोंडाकडं कोण बघतं? मी मात्र बघितलं. आमच्या गावचा पाटील.

मी काय करायला हवं होतं? गप्प पुढं सरकायला हवं होतं. गणपत सरकलाच असता. पण मी गणपत नव्हतो. आमच्याकडं पाटील दिसला की वाकायचं आणि 'जोहार' घालायचा. बाप घालायचा, आजा घालायचा. पोराला चालता येण्याआधी जोहार येतो. बाकीच्या गावाला राम राम, आम्हाला जोहार. माझं डोकं विचार करत होतं, तोवर पाठ वाकली, हातातलं तबक तिरपं झालं, सगळे पेले पाटलाच्या धोतरावर सांडले आणि माझ्या तोंडातून खणखणीत आवाज आला.

"जोहार, मायबाप!"

पाणी पाटलाच्या पोटात आणि शब्द कानात. बिचाऱ्याला दोन्ही परत देता येईनात. त्यानं खाकरून बघितलं, थुंकून बघितलं. मग किंचाळला, "अरं, ह्यो तर आमचा महारडा!"

समारंभाची व्यवस्था बघणारे साहेब पुण्याचे होते. गोरेपान, मृदू बोलणारे. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "हे बघा, आमच्याकडे भेदभाव अजिबात नाही. आता तर कायदाही आहे. पण पाहुण्यांची गैरसोय नको. तुम्ही मागच्या बाजूला जाता का?"

जन्मात पहिल्यांदाच मला कोणी 'तुम्ही' म्हणत होतं, आणि हाकलत होतं.

मागच्या बाजूला आबाशेठ काठी घेऊन उभाच होता. पुढचं सांगितलंच.

त्या दिवशी मी घरी नकला केल्या नाहीत.

पावसाळा गेला. मी खडी वाहिली, चर खणले. मग एक दिवस आबाशेठच झोपडीशी आला. आत नाही आला. बाहेरूनच म्हणाला, "उंच माणसं मिळत नाहीत रे. फेटा तुझ्याच डोक्याला शोभतो. पण डोक्याखाली तोंड आहे, तीच पंचाईत." मग त्यानं तोडगा सांगितला. "तू मुका हो. मी सगळ्यांना सांगतो, माणूस मुका आहे. जीभच हलली नाही तर घात कशाचा? पुढं साहेब बंगल्यावर कायम माणूस घेणार आहेत. तुझं नाव मी घालतो."

कायम. हा शब्द ऐकून बायकोनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं आणि माझ्याकडं बघितलं. कायम म्हणजे पोरींची शाळा. कायम म्हणजे उद्याचा दिवस आज ठाऊक असणं. मी आबाशेठला होकार दिला. मान हलवूनच दिला. सराव सुरू झाला होता.

मुक्या माणसाला लोक बहिराही समजतात, हे मला तेव्हा कळलं. माझ्यासमोर साहेब लोक काहीही बोलायचे. कोणाला काढायचं, कोणाला घ्यायचं, कोणाची बायको कशी. एक बाई मला पाणी मागताना अंगठा तोंडाशी नेऊन ओरडायच्या, "पा-णी! पा-णी!" मीही डोळे मोठे करून, कपाळावर हात मारून, 'अस्सं, पाणी होय!' असा आविर्भाव करायचो. मुक्याचं सोंग मी झकास वठवलं. कोणालाही संशय आला नाही. पुण्याच्या त्या साहेबांनीही मला ओळखलं नाही; पाणी देणाऱ्याचं तोंड कोण लक्षात ठेवतं? एकदा तेच पाहुण्यांना म्हणाले, "ही माणसं अशीच बरी. कामाला वाघ, आणि तक्रार नाही." पाहुणे हसले. मीही हसलो, मुका हसतो तसा.

पण दिवसभर तोंड शिवून ठेवलं की संध्याकाळी टाके उसवत नाहीत. हसवणं राहिलं. बोलणं राहिलं. एका संध्याकाळी बायकोनं विचारलं, "भाकरी वाढू का?" मी बोटं जुळवून तोंडाशी नेली आणि मान हलवली. ती थांबली. धाकटी पोर माझ्याकडं बघून तशीच बोटं तोंडाशी नेऊ लागली. तिला तो खेळ वाटला.

"घरी तरी बोला की वो," बायको म्हणाली.

मी तोंड उघडलं. काय बोलायचं ते सुचेना. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. पाटलाची कधी वाटली नव्हती एवढी.

मग तो दुसरा समारंभ आला. कारखान्याचा नवा विभाग सुरू व्हायचा होता. सकाळीच साहेबांनी मला बोलावलं आणि सावकाश, हातवाऱ्यांसकट सांगितलं, "आजचं नीट पार पडू दे. सोमवारी गेटवर ये. बंगल्यावर. कायम." मी हात जोडले. मुक्या माणसाला आता ते 'तुम्ही' म्हणत नव्हते.

पहिल्या रांगेत आमचा पाटील बसला होता. आता तो कारखान्याला मुरूम पुरवायचा, म्हणून पुढची खुर्ची. मी त्याला टाळून दुसऱ्या बाजूनं पाणी देत होतो. पण ह्या खेपेला त्यानंच मला ओळखलं. मला बोटानं जवळ बोलावलं आणि शेजारच्या पाहुण्यांना विचारलं, "ह्यो मुका? कोन म्हनतं? साऱ्या गावानं ह्याचा आवाज ऐकलाय. लई नकला करतो. थांबा, गंमत दावतो तुमाला." मग मला म्हणाला, "घाल रं, जोहार घाल. त्या दिशी घातला व्हता तसा. वाकून."

आजूबाजूच्या माना वळल्या. साहेब गोंधळले. क्षणभरच. मग त्यांना वाटलं असावं, पाहुणा खूश होतोय तर होऊ द्या. हसून म्हणाले, "अरे, बोलता येतं का तुला? मग घाल की. एवढं काय, गंमत आहे."

मांडवाच्या खांबाआडून आबाशेठ मला हात जोडत होता. त्याचे ओठ हलताना दिसत होते: घाल, घाल.

एक शब्द. तो म्हटला की सोमवारी गेट उघडणार होतं. आणि खरं सांगतो, पाठ वाकायला लागलीसुद्धा होती. तिला सवय होती. तिला वाकू द्यायची नाही, एवढ्यासाठी मला गुडघ्यांपासून जोर लावावा लागला. जुनं दार ढकलावं तसा. तोंडात 'जो' येऊन बसला होता. तो मी गिळला. तबक जवळच्या टेबलावर ठेवलं. हात मोकळे केले.

"राम राम, पाटील."

रामाची आणि माझी काही ओळख नव्हती. त्याच्या देवळाच्या पायरीपलीकडं मला कोणी जाऊ दिलं नव्हतं. पण तो शब्द सरळ उभं राहून म्हणता येतो. मला तेवढंच पाहिजे होतं.

पाटलाच्या गळ्याची शीर फुगली. "कुनाला राम राम घालतोस रं?"

"तुमाला. हितं दुसरं कोन पाटील हाय?"

मागच्या रांगेत कोणीतरी फस्सकन हसलं. आणि मग माझी सगळी भीती गेली. कोणी हसलं की काय करायचं, ते मला ठाऊक होतं.

आबाशेठ खांबाआडून धावत आला. "फेटा! माझा फेटा दे आधी!"

मी जागचा हललो नाही. फेट्याचं टोक सोडवून त्याच्या हातात दिलं. "घ्या की. पर शेठ, मागल्या बारीला मी फिरलो व्हतो. आता तुमी फिरा."

आबाशेठनं ओढून बघितलं. मी मान ताठ ठेवली. फेटा त्यानंच घट्ट बांधला होता. ओढून निघेना. आणि टरकावला तर नुकसान त्याचंच. मग तो फिरला. एवढ्या मोठ्या समारंभात, हार-तुऱ्यांमध्ये, साहेबांच्या आणि पाटलाच्या समोर, आबाशेठ हातात केशरी टोक धरून माझ्याभोवती फिरत राहिला. देवालासुद्धा तो एवढ्या प्रदक्षिणा घालत नसेल. मी उभा. तो फिरतोय. लोक हसत होते. कोणाला हसत होते ते त्यांनाच ठाऊक.

फेटा संपला. ह्या खेपेला मांडव फिरत नव्हता. डगला काढून मी खुर्चीवर ठेवला आणि उघड्या डोक्यानं पुढच्या दारानं बाहेर पडलो.

घरी बायकोला सगळं सांगितलं. सोंगांसकट, आवाजांसकट. ती हसली नाही. सगळं ऐकून म्हणाली, "निस्ता राम रामच घातला? आनखी काय न्हाई बोललात?"

"न्हाई."

"एवढ्या दिसांचं तुंबलं व्हतं की वो."

तरीही सोमवारी मी गेटवर गेलो. पहारेकऱ्यानं नाव विचारलं. मी माझं खरं नाव सांगितलं, गाव सांगितलं, आमच्या वस्तीचं नाव सांगितलं. तो म्हणाला, "तुला आत सोडायचं नाही. साहेबांचा हुकूम आहे." मी म्हणालो, बरं. कायम जे मिळालं ते हे.

आता मी मुरमाच्या गाड्या रिकाम्या करतो. पाटलाच्याच गाड्या. खांदे गेले, गुडघे गेले, संध्याकाळी अंग उचलत नाही. पोरी शाळेत जातात, कधी जात नाहीत. कोणाला वाटत असेल की त्या दिवसानंतर काही बदललं, तर त्यानं माझे तळहात बघावेत.

पण पाटील हिशेबाला येतो. त्याला येताना बघितलं की मी घमेलं खाली ठेवतो. सरळ उभा राहतो. सगळ्या गड्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणतो, "राम राम, पाटील!" तो दुसरीकडं बघतो. ओठ दाबून घेतो. एक शब्द त्याच्या तोंडून निघत नाही. दर खेपेला मी थांबतो, त्याला वेळ देतो, मग घमेलं उचलतो.

आमच्या दोघांत आता मुका तो आहे. त्याला वाचा फुटेपर्यंत मी राम राम घालत राहणार.