सुमनवहिनीची दुपार

लाखांदूरच्या शाळेत माझा तिसरा तास सुरू होता. वर्गाच्या दाराशी एसटीचा कंडक्टर येऊन उभा राहिला, तेव्हा मला वाटलं कुणी माहेराहून काही पाठवलं असेल. सकाळच्या गाडीचा हा कंडक्टर आमच्या आसगावात सगळ्यांना ओळखतो. भाजी, औषध, निरोप, सगळं त्याच्याच हाती येतं. त्यानं टोपी काढून हातात घेतली. "बाई, तुमच्या भावानं निरोप धाडला. सुमनवयनी गेल्या… पहाटेस." कावीळ झाली होती हे ठाऊक होतं, पण उतरतेय असं मागच्याच आठवड्यात कळलं होतं. त्याच गाडीच्या परतीच्या फेरीनं मी आसगावला निघाले. धान कापून शेतातल्या बांध्या मोकळ्या झाल्या होत्या आणि त्यांत लाखोरीचं पीक हिरवंगार उठलं होतं. खिडकीतून ते बघताना मनात एकच येत होतं, की आता ही दुपारची वेळ आहे, आणि वहिनी लिहायला बसलेली नाही…

माझ्या या थोरल्या वहिनीच्या कथा तुमच्यापैकी काहींनी दिवाळी अंकांतून वाचल्या असतील. तिचा एकुलता एक संग्रहही काहींच्या घरी असेल. पण ती लेखिका कशी झाली, हे मी जवळून पाहिलंय, आणि ते सांगितलंच पाहिजे असं गेले काही आठवडे मला वाटतंय.

ती लग्न होऊन आमच्याकडे आली तेव्हा मी शाळेत होते. एकोणीसशे सत्तर साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. मॅट्रिक झालेली, सावळी, उंच, फार न बोलणारी. आल्यावर महिनाभरातच घरात कळलं की नव्या सुनेला लिहायचा नाद आहे. दुपारची जेवणं झाली, भांडी उपडी पडली, की ती मागच्या सांदवाडीत लिंबाच्या सावलीत मांडीवर पाट घेऊन बसायची आणि त्या पाटावर कागद ठेवून लिहायची. आईनं दोन-चार दिवस पाहिलं आणि विचारलं, "काय लिवून राहिलीस वो? माहेरी चिठ्ठी?" वहिनी म्हणाली, "नाही, गोष्ट." आईनं एकदा कागदाकडे पाहिलं. मग म्हणाली, "लिव मंग. पन ऊन आलं का सरकून बसजो." आमच्या घरातून तिला मिळालेली परवानगी ती एवढीच, आणि तिला ती पुरली.

पहिली कथा तिनं नागपूरच्या एका साप्ताहिकाला धाडली. ती 'साभार परत' आली. दुसरीही आली. दादा बिचारा पोस्टमनला गावाच्या वेशीवरच गाठायचा, पाकीट जाड लागलं की त्याचं तोंड उतरायचं. वहिनी मात्र पाकीट फोडून कागद सारखे करायची आणि म्हणायची, "परत आली म्हणजे पोचली तरी होती." मग ती कथा तांदळाच्या डब्यात जायची. हो, डब्यातच. उंदीर पोचत नाहीत असं एवढंच ठिकाण घरात होतं. चार-सहा महिन्यांनी ती कथा बाहेर काढून वाचायची, ती दुसऱ्या कुणी लिहिली आहे अशा नजरेनं. मी एकदा विचारलं, इतके दिवस कशाला ठेवतेस? ती म्हणाली, "नवा तांदूळ शिजवला की कसा गिचका होतो, बघतेस ना? जुना झाला की शीत न् शीत मोकळं होतं. कथेचंही तसंच आहे, बाई. ताजी असते तेव्हा मला त्यातलं काहीच वेगळं दिसत नाही."

पण तिची खरी शाळा भरायची ती आमच्या घरापुढच्या छपरीत. दुपार कलली की शेजारपाजारच्या बायका सुपं घेऊन तिथं यायच्या, तांदूळ निवडायच्या, डाळ पाखडायच्या. एकदा कुणीतरी सहज म्हटलं, "वयनी, तू लिवतेस म्हनतेत, ते वाच तं खरं." वहिनीनं भीतभीत एक कथा वाचली. सासुरवास भोगणाऱ्या एका सुनेची ती कथा होती, आणि ती सून प्रत्येक पानावर रडायची. वाचून झाल्यावर आमची भागामावशी, आईची चुलत बहीण, सूप घोळता घोळता म्हणाली, "हे पोरगी येवढी रडते काहून वो? हिले घरचे कामं नाईत का?" सगळ्या खो खो हसल्या. वहिनीही हसली, पण मी तिच्याकडे पाहत होते, तिचे कान लाल झाले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं ती कथा पहिल्यापासून लिहायला घेतली. या वेळी सून रडत नव्हती. धान उकडत होती, शेण काढत होती, विहिरीवरून पाणी आणत होती. आणि एका ठिकाणी भरलेली घागर डोक्यावर असताना ती नुसती थांबते, एवढंच. तीही कथा छापून आली नाही. पण त्यानंतर वहिनीच्या कोणत्याही कथेत रिकाम्या हातांचं माणूस मला कधी दिसलं नाही.

असं चार-पाच वर्षं चाललं. ती वाचायची, बायका ऐकायच्या. त्या काय बोलतात याकडे ती फारसं लक्ष देत नसे. निवडणारे हात कुठल्या वाक्याला थांबतात आणि कुठे भराभर चालू लागतात, ते बघत असायची. हात भराभर चालले, की ते पान गेलं म्हणायचं.

त्या बायकांत यमुना होती. आमच्या गल्लीतच शेवटच्या घरात एकटी राहायची. तिचा नवरा भिलाईला कामाला म्हणून गेला आणि तिकडेच दुसरं घर करून बसला. यमुना धारदार जिभेची. कुणी कीव करायला गेलं की ताडकन म्हणायची, "मेला तो माह्यासाठी. त्याची सायकल होती, ते बी भंगारात इकली." आपल्या हिमतीवर दोन बांध्या कसायची आणि गावातून ताठ मानेनं चालायची. एकदा वहिनी विरजण मागायला तिच्याकडे गेली. दार नुसतं लोटलेलं होतं. आत यमुना खाली बसून सायकल पुसत होती. साखळीला तेल दिलं, पंप घेतला आणि दोन्ही चाकांत हवा भरली. वहिनी विरजण न मागताच परत आली. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. पुढे कथेतूनच कळलं.

ती कथा वहिनीनं एका बैठकीत लिहिली. डब्यात ठेवली नाही, छपरीत वाचली नाही, सरळ पुण्याच्या एका मासिकाला धाडली. आणि महिन्याभरात पातळ पाकीट आलं! कथा फार आवडली, दिवाळी अंकात घेत आहोत. दादानं ते पत्र सगळ्या गावाला दाखवलं. आईनं शेजारी साखर वाटली. वहिनी त्या दिवशी स्वयंपाक करताना मधेच उगाच हसायची, हे मला अजून दिसतं.

बायका म्हणाल्या, आता ती गोष्ट आम्हाला वाचून दाखव. वहिनी आढेवेढे घेत होती, पण आम्ही ऐकेना. यमुनाही बसलेली होती. नाव बदललेलं होतं, गाव बदललेलं होतं. सायकल पुसण्याचं वाक्य आलं तसे एकेकीचे हात थांबले. सगळ्यांचे थांबले, यमुनेचे सोडून. ती खाली मान घालून निवडतच राहिली. कथा संपली. यमुनेनं निवडलेले तांदूळ टोपलीत ओतले, सूप झटकलं, आणि उठताना फक्त एवढं म्हणाली, "तुनं माह्या घरात पाह्यलं, वयनी. ठीक हाये. पन साऱ्या जगाले काहून बलावलं?"

ती गेली.

त्या संध्याकाळी वहिनी दादाला म्हणाली, कथा परत मागवायची. दादा चकितच झाला. "अगं, नाव तं बदललंस ना?"

"नाव बदललं. सायकल नाही बदलली."

"पुण्याची मानसं इथं कायले येतीन पाहाले?"

"पुण्याचे नाही येणार. पण अंक इथं येईल ना? तुम्हीच गावभर दाखवाल."

दादानं खूप समजावलं. एवढ्या वर्षांनी दार उघडलं आहे, पुन्हा उघडेल याचा काय भरवसा… मलाही दादाचंच पटत होतं. वहिनी ऐकून घेत होती, पण तिचं ठरलं होतं. दुसऱ्या दिवशी दादा पवनीला गेला आणि तार करून आला, की कथा छापू नये. संपादकांचं उत्तर आलं नाही. पुढे कित्येक वर्षं त्या मासिकानं तिच्या कथेला हात लावला नाही.

वहिनी नंतर यमुनेच्या दारी गेली होती. कथा परत मागवली म्हणून सांगून आली. यमुना "हौ" म्हणाली आणि कामाला लागली. छपरीत ती येईना. आणि वहिनीही लिहीना. दुपारी सांदवाडीत पाट घेऊन बसायची, पण कागद कोरा राहायचा. मी म्हटलं, उठ, कशाला बसतेस? "बसायचं सोडलं तर तेही जाईल," ती म्हणाली. वर्ष गेलं, तरी ती रोज बसत होती. मी पुढे शिक्षिका झाले, मुलांना चिकाटीवर निबंध लिहायला दिले. दर वेळी मला तो कोरा कागद आठवला.

पुढच्या पावसाळ्यात आमच्या बांधीत धानाचा रोवणा होता. गुडघाभर चिखलात आम्ही रांगेनं वाकलो होतो. यमुना मुद्दाम माझ्या आणि वहिनीच्या मधे येऊन उभी राहिली. मग रोप खोवता खोवताच म्हणाली, "लिवत नाईस म्हनतेत तू आता?"

वहिनीनं पुढचं रोप खोवलं.

"माह्यं नोको लिवू. पन माह्यासारखीचं लिव ना. गावोगावी असतीन तशा. त्याइचं कोन लिवन?"

"सायकल काढली तर काय ठेवू तिथं, यमुनाबाई?"

यमुना कमरेवर हात ठेवून सरळ उभी राहिली आणि कितीतरी दिवसांनी मोठ्यानं हसली. "ते बी मीच सांगू? लिवनारी तू हायेस का मी?"

त्या एका कथेवर वहिनीनं दोन वर्षं घालवली. बाईचा बाप्या केला, तरुणाचा म्हातारा केला. साकोलीकडच्या जंगलाजवळचा एक म्हातारा, ज्याचा मुलगा निघून गेला आहे. म्हातारा दर वर्षी धान घरात आलं की मुलाची रिकामी खाट उसवतो आणि नव्या सुंभानं पुन्हा विणतो. लोकांना सांगतो, पाहुण्यांसाठी लागते. ती कथा तिनं छपरीत किती वेळा वाचली आणि किती वेळा बदलली, याला सुमार नाही. शेवटच्या वाचनाला यमुना होती. ऐकून ती म्हणाली, "म्हतारा बराबर हाये." त्या वर्षीच्या एका दिवाळी अंकात ती कथा आली. मी तोवर लग्न होऊन लाखांदूरला गेले होते. अंक हातात पडला तेव्हा मी तो आधी छातीशी धरला, मग उघडला.

पुढे कथा येत गेल्या. परतही येत गेल्या, ते काही थांबलं नाही. नागपुरातून संग्रह निघाला. साकोलीच्या वाचनालयात तिचा सत्कार झाला, तेव्हा मी पहिल्या रांगेत होते. एका प्राध्यापकांनी विचारलं, तुम्हाला प्रेरणा कुठून मिळते? वहिनी जरा गोंधळली. म्हणाली, "मला दुपार मिळते. मी बसते. प्रेरणेला वाटलं तर ती येते." लोक हसले. दुसऱ्या कुणी विचारलं, तुमची पात्रं खरी आहेत का? तेव्हा मात्र तिनं थांबून उत्तर दिलं: "माणसाचं दुःख घ्यावं, पत्ता घेऊ नये." सभागृहात किती जणांना ते वाक्य कळलं असेल कोण जाणे. मला त्याची किंमत ठाऊक होती. खाली बसलेली मी अशी काही ताठ झाले, की शेजारच्या बाईंनी विचारलं, "तुमच्या कोण लागतात त्या?"

तेरवी झाल्यावर मी आसगावातच राहिले. पाहुणे पांगले. दादा नुसता सांदवाडीत ये-जा करत होता. तिसऱ्या दिवशी दुपार कलली आणि छपरीत बायका आल्या. कुणी बोलावलं नव्हतं. भागामावशी आता फार थकली आहे, तिला हाताला धरून आणलं होतं. यमुनाही आली. दादा आत गेला आणि काही कागद आणून माझ्या हातात ठेवले. वहिनीची शेवटची कथा, अर्धीच राहिलेली. मी वाचू लागले. एक मुलगी घर सोडून पहाटेच्या बसमध्ये बसली आहे. तिकीट काढलेलं आहे. गाडी सुटायला अवकाश आहे, आणि खिडकीखाली तिची आई येऊन उभी आहे. आई काहीच बोलत नाही… तिथंच कागद संपले.

मग कोणीतरी म्हणालं, "उतरन ते. माय आली ना."

"काहून उतरन?" यमुना उसळली. "मायनं बलावलं का? नाई बलावलं. माय पोचवाले आली हाये तिले."

"पोचवाले आली असती तं बोलली नसती का काही?"

"बोलली तं पोरीचं मन मोडन, म्हनून नाई बोलत. वयनीनं मुद्दाम गप ठेवलं तिले."

भागामावशीचं म्हणणं वेगळंच, की आईच बसमध्ये चढेल. यावर जो काही गलका झाला! सगळ्या एकदम बोलू लागल्या, एकमेकींना खोटं ठरवू लागल्या, मला पुन्हा पुन्हा तेच पान वाचायला लावू लागल्या. दादा दाराला टेकून ऐकत होता. कितीतरी दिवसांनी त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. गुरं परतायची वेळ झाली तशा बायका उठल्या, पण वाद मिटला नव्हता. गल्लीच्या टोकापर्यंत त्यांचे आवाज येत होते. अर्धं गाव एका मुलीनं बसमधून उतरावं की उतरू नये यावर भांडत घरी चाललं होतं, आणि ती मुलगी या जगात कधी जन्मलीच नव्हती.